बारवांचे गोल फोटो वेबसाइटवर फिरवून दाखवायचे आहेत, कोणतं सॉफ्टवेअर धरावं?

पैनगंगाकाठ

राम राम मंडळी. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि चिखली या चार तालुक्यांतल्या जुन्या देवळांची आणि बारवांची मराठी वेबसाइट तयार होते आहे. ११ पूर्ण गोल फोटो, म्हणजे ३६० बाय १८० अंशांचे, हाताशी आहेत: सिंदखेडराजाची पुतळाबारव वरून आणि तळातून, लोणारचं दैत्यसूदन बाहेरून आणि सभामंडपातून, सातगाव भुसारीची देवळं वगैरे. प्रत्येक फोटो ११९६८ बाय ५९८४ पिक्सेल, जेपीईजी, १५ ते २२ एमबी. शिवाय लोणार विवराच्या काठावरून घेतलेला एक अर्धगोल फोटो, ६००० बाय १५००.

बोटानं फिरवता यावं, वरच्या फोटोतून टिचकी मारून खाली उतरता यावं, शिल्पावर टिचकी मारली की मराठीत माहिती यावी. बघणारे गावातलेच जास्त, त्यामुळे साध्या फोनवर आणि कधी चार काड्या कधी एक अशा नेटवर चाललं पाहिजे. होस्टिंग साधं शेअर्ड, सीपॅनेल आणि वर्डप्रेस. खर्च शक्यतो शून्य धरा. एकदाच भरायचे पैसे चालतील, दरमहा नको.

तुरीचं शेत

सॉफ्टवेअरच्या आधी एक गोष्ट ठरवा: फोटोंचे तुकडे आणि माहितीची फाइल कुणाच्या घरात राहणार? या क्षेत्रात दुकानं फार बंद होतात. मायक्रोसॉफ्टचं फोटोसिंथ २०१७ मध्ये गेलं, गुगलचं टूर क्रिएटर २०२१ मध्ये, स्ट्रीट व्ह्यूचं वेगळं ॲप २०२३ मध्ये. फ्लॅशमध्ये बनवलेल्या सगळ्या टूर, म्हणजे एकमेकांना जोडलेले गोल फोटो, २०२० संपताना एका रात्रीत मेल्या. म्हणून 'फोटो आमच्याकडे चढवा, आम्ही कोड देतो' या प्रकारातलं, कुउला असो की आणखी काही, देवळांच्या नोंदीसाठी धरू नका. शेत विकायला काढलंय आणि दोन महिने गिऱ्हाइकाला दाखवायचंय, एवढ्यापुरतं ते ठीक आहे.

उरले स्वतःच्या होस्टिंगवर ठेवता येणारे. फुकट आणि मुक्त: पॅनेलम, मार्झिपानो, फोटो स्फिअर व्ह्यूअर. पैसे देऊन: केआरपानो, पॅनो टू व्हीआर, थ्रीडी व्हिस्टा. तुमच्या अटी पाहता माझं मत पॅनेलम, पण तुकडे पाडूनच, म्हणजे फोटो छोट्या चौकोनांत कापून, लागतील तेवढेच चौकोन फोनवर उतरतील असा.

तुकडे का, तर हिशेब बघा. जेपीईजी २० एमबीची असली तरी फोनच्या ग्राफिक्स चिपला ती उलगडून लागते, दर पिक्सेलला ४ बाइट. ११९६८ गुणिले ५९८४ गुणिले ४ म्हणजे सुमारे २८६ एमबी. फाइल कितीही दाबली तरी हा आकडा हलत नाही. ८१९२ बाय ४०९६ केलं तरी १३४ एमबी. ४०९६ बाय २०४८ ला ३४ एमबीच्या आत. वर प्रत्येक चिपला एका चित्राच्या रुंदीची मर्यादा असते. जुन्या आणि स्वस्त फोनमध्ये ती ४०९६ सापडते. ती ओलांडली की काळा चौकोन, किंवा 'फोटो या उपकरणासाठी फार मोठा आहे' असा निरोप. तुमचा फोन किती झेपवतो ते वेबजीएल रिपोर्ट या साइटवर 'मॅक्स टेक्स्चर साइझ' या ओळीत दिसेल.

मग फक्त ४०९६ ला छोटा करून का टाकू नये? टाकता येईल, पण ३६० अंशांत ४०९६ पिक्सेल म्हणजे एका अंशाला ११ च. कोनाड्यातली मूर्ती चार हातांची की सहा, हे त्यात कळणार नाही.

निंबोळी

पॅनेलम चांगलंच आहे, पण कोडला हात लावायची भीती असेल तर मार्झिपानो टूल बघा. ब्राउझरमध्ये उघडायचं, गोल फोटो ओढून टाकायचे, तुकडे तिथंच पडतात. फोटो कुठल्याही सर्व्हरवर जात नाहीत, सगळं काम तुमच्याच संगणकात होतं. दुव्याचे बाण आणि माहितीचे ठिपके माउसनं ठेवायचे, पहिली नजर कुठे पडावी ते ठरवायचं आणि निर्यात केली की झिप हातात. ती उलगडून होस्टिंगवर ठेवली की टूर चालू. परवाना अपाचे २.०. मूळ काम गुगलमधल्या लोकांचं, पण गुगलचं अधिकृत उत्पादन नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. टूलमध्ये काम साठवायची सोय नाही. बारा फोटो लावले, ठिपके ठेवले आणि लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून बॅटरी भरलेल्या लॅपटॉपवर आणि एका बैठकीत. दुसरं, निर्यात झालेली झिप परत टूलमध्ये घालता येत नाही. पुढचे बदल 'डेटा डॉट जेएस' फाइलमध्ये हातानेच. म्हणजे कोडची भीती शेवटी मोडावीच लागते, फक्त उशिरा.

तुरीचं शेत

निंबोळीताई, बरोबर. आणि त्या फाइलमध्ये हात घालणाऱ्यांसाठी एक खड्डा: मार्झिपानोत कोन रेडियनमध्ये असतात, पॅनेलममध्ये अंशात. ९० अंश म्हणजे १.५७०८. शिवाय वर-खालची दिशा उलटी. पॅनेलममध्ये अधिक म्हणजे वर, मार्झिपानोत अधिक म्हणजे खाली. मार्झिपानोतून पॅनेलममध्ये ठिपके नेताना ५७.२९५८ नं गुणून पिचचं, म्हणजे वर-खालच्या कोनाचं, चिन्ह बदललं नाही, तर जमिनीवरचा बाण आभाळात लटकतो.

कोरडवाहू

राजेहो, सगळे फुकटाच्याच मागं काऊन लागले? भाऊनं 'एकदाच भरायचे चालतीन' असं लिहिलं आहे ना. पॅनो टू व्हीआरमंदी ठिपका माउसनं धरून सरकवा लागते, बस. ट्रायपॉडचे पाय दिसत असतीन तर तेवढाच तुकडा फोटो एडिटरमंदी काढून साफ करून परत बसवता येते. टूरचा नकाशा, बटनं, रंग, सगळं चित्र पाहून. फक्त एकापेक्षा जास्त फोटो जोडायचे तर प्रो आवृत्तीच घ्या लागते, साध्यात टूर बनत नाई.

केआरपानो त्याच्याहून दमदार. फोटो त्याच्या 'मेक व्हीटूर' फाइलीवर ओढून सोडले की तुकडे, टूर, लहान चित्रांची पट्टी, सारं बनून येते. मोठ्ठाले फोटो त्याच्यासारखे कोनी पळवत नाई. लायसन्स घेतलं नाई तर बी चालते, पण फोटोवर डेमोचा शिक्का दिसते. तर आदी डेमोवर हात बसवा, मंग पैसे काढा. सेटिंग एक्सएमएलमंदी आहेत, वाचाले सोपी.

तुरीचं शेत

कोरडवाहू भाऊ, तांत्रिक बाजूनं एकही शब्द खोडत नाही. केआरपानोची गुळगुळीत चाल पॅनेलमला नाही, हे मान्य. अडचण वेगळीच आहे: गावच्या कामात लायसन्स ज्याच्या लॅपटॉपवर, तो पोरगा नोकरीला पुण्याला गेला की नवा ठिपका कोण घालणार? पॅनेलमची माहिती साध्या मजकुराच्या फाइलीत असते, शाळेतल्या संगणकावर नोटपॅडमध्ये उघडते. फोटोग्राफीचाच धंदा असेल तर मात्र पैसे टाका, चार कामांत वसूल होतील.

वर्धेकाठचा

फोटो स्फिअर व्ह्यूअरचं नाव मागे पडतंय. ते थ्री डॉट जेएस या त्रिमिती चित्रांच्या लायब्ररीवर उभं आहे, परवाना एमआयटी. एकच फोटो फोनच्या मर्यादेपेक्षा मोठा दिला तर ते स्वतःच छोटा करून घेतं, काळा चौकोन येत नाही. टूरच्या जोडणीत प्रत्येक फोटोचे रेखांश-अक्षांश दिले की बाण कुठल्या दिशेला हवेत हे ते आपणच काढतं. नकाशाची जोडणी आहे, होकायंत्र आहे, सगळी बटनं मराठीत करता येतात. मूळ फोटोला जोडलेली पॅनोरामाची माहिती, म्हणजे एक्सएमपी, ते वाचतं; त्यामुळे अर्धगोल फोटो आपोआप जागेवर बसतो.

तोटा वजनाचा. पॅनेलम दाबून २१ केबी. याला थ्री डॉट जेएस सोबत ओढावं लागतं, म्हणजे फोटोचा पहिला कण यायच्या आधीच शंभर केबीच्या पुढे. चारही तालुके, नकाशा, ५०-६० ठिकाणं असा पसारा होणार असेल तर हेच घ्या. ११ फोटोंना पॅनेलम पुरे.

पैनगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. पॅनेलम धरलं. एक फोटो ४०९६ ला छोटा करून चाचणी केली, तीन ठिकाणी अडलो:

लॅपटॉपवर एचटीएमएल फाइल दुहेरी टिचकीनं उघडली तर फोटो येतच नाही, चूक दाखवतं. तोच फोटो वर्डप्रेसच्या मीडियामध्ये चढवून त्याचा पत्ता दिला तर येतो, पण धुक्यातून बघितल्यासारखा. आणि दुसऱ्या गटाकडून आलेले तीन फोटो फिरवले की आभाळ-जमीन ताणलेली दिसते, ते मुळातच खराब आहेत का?

तुरीचं शेत

पहिलं: डिस्कवरून थेट उघडलेल्या पानाला ब्राउझर शेजारचं चित्र वेबजीएलमध्ये (ब्राउझरची त्रिमिती चित्र रंगवायची सोय) वापरू देत नाही, सुरक्षेचा नियम आहे. फोल्डरमध्ये कमांड खिडकी उघडून पायथनचं 'एचटीटीपी डॉट सर्व्हर' मॉड्यूल चालवा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, पोर्ट ८००० उघडा. तुकडे पाडायला पायथन लागणारच आहे.

दुसरं: वर्डप्रेस ५.३ पासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठं चित्र चढवलं की त्याची छोटी प्रत करतं, नावाच्या शेवटी 'स्केल्ड' जोडतं आणि पत्ता त्याच प्रतीचा देतं. मूळ फाइल अपलोड्सच्या फोल्डरमध्ये असते, पण तिच्या मागे लागू नका. टूर वर्डप्रेसच्या बाहेर ठेवा: पब्लिक एचटीएमएलमध्ये (होस्टिंगवरचं साइटचं मुख्य फोल्डर) 'गोल' असा वेगळा फोल्डर (नाव रोमन अक्षरांत), त्यात पॅनेलमच्या दोन फाइली, तुकडे आणि एक साधं पान. वर्डप्रेसच्या लेखात ते पान आयफ्रेमनं, म्हणजे पानात दुसरं पान दाखवणाऱ्या चौकटीनं, बसवायचं. उद्या वर्डप्रेसची थीम बदलली, प्लगइन बिघडलं, तरी टूर शाबूत.

आयफ्रेममध्ये फुलस्क्रीनची परवानगी लिहायला विसरू नका, नाहीतर ते बटन मुकं राहतं. फोन हलवून फोटो फिरवायचा असेल तर जायरोस्कोप आणि ॲक्सेलेरोमीटर यांचीही परवानगी हवी आणि साइट एचटीटीपीएसवर हवी. आयफोनवर बटन दाबल्याशिवाय ते सुरू होणारच नाही. आणि लेख लिहिणाऱ्याची भूमिका वर्डप्रेसमध्ये 'ऑथर' असेल तर जतन करताना आयफ्रेम गुपचूप गळून पडते. ते काम ॲडमिननं करायचं.

निंबोळी

तिसऱ्याचं उत्तर: ते फोटो व्हॉट्सॲपनं आलेत का? तिथे फोटो म्हणून पाठवला की आकार छोटा होतो आणि आतली एक्सएमपी माहिती उडते. पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर पेनड्राइव्ह.

तरीही ताणलेलं दिसलं तर रुंदी भागिले उंची करून बघा. पूर्ण गोल फोटो बरोब्बर २ ला १ असतो. ३ ला १ किंवा ४ ला १ आलं तर तो फोनच्या पॅनोरामा मोडचा पट्टा आहे. व्ह्यूअरला सांगितलं नाही तर तो त्या पट्ट्याला पूर्ण गोल समजून डोक्यापासून पायापर्यंत ताणतो.

पैनगंगाकाठ

व्हॉट्सॲपनंच आले होते. आता तुकड्यांचं सांगा, क्रमानं. आणि लोणारच्या अर्धगोल फोटोचं काय करायचं?

तुरीचं शेत

सेटिंगांची नावं इथे उच्चारानं लिहितोय. नेमकं स्पेलिंग मॅन्युअलमधूनच उचला, लहान-मोठ्या अक्षरांसकट. 'हॉटस्पॉट्स' (ठिपके) या शब्दातला मधला एस मोठा असतो. तो लहान लिहिला तर चूक दाखवत नाही, ठिपके नुसते येत नाहीत. यात लोकांचे दिवस जातात.

संगणकावर पायथन, त्याच्या पिलो आणि नमपाय या दोन लायब्ररी, आणि ह्यूगिन बसवा. ह्यूगिन फोटो जोडायचं फुकट सॉफ्टवेअर आहे, आपल्याला त्यातला 'नोना' हा प्रोग्राम हवा. पॅनेलमच्या डाउनलोडमध्ये युटिल्स नावाच्या फोल्डरात 'जनरेट डॉट पीवाय' आहे. त्याला फोटोचं नाव आणि कुठे साठवायचं ते फोल्डर द्यायचं. विंडोजवर नोना सापडत नाही म्हणाला तर त्याचा पूर्ण मार्ग वेगळा द्यायचा.

हा प्रोग्राम गोल फोटोचे घनाच्या सहा बाजूंसारखे सहा चौकोन करतो. बाजूची रुंदी फोटोच्या रुंदीला पाय (३.१४) नं भागून: ११९६८ ला सुमारे ३८०८ पिक्सेल. मग प्रत्येक बाजूचे ५१२ पिक्सेलचे तुकडे, चार पातळ्यांत. सर्वात वरच्या पातळीत ३८४, मग ९६, मग २४, आणि तळाला ६. एकूण ५१०. जुन्या ब्राउझरसाठी आणखी ६. बघणाऱ्याला आधी तळाचे सहा हलके तुकडे मिळतात, म्हणजे धूसर का होईना चित्र लगेच उभं राहतं. जिकडे बोट फिरवेल आणि जेवढं जवळ नेईल तेवढेच वरचे तुकडे उतरतात. एक काडीच्या नेटवर फरक पडतो तो इथेच.

आता यातला काटा. ११ फोटोंच्या ५६७६ फाइली होतात. स्वस्त होस्टिंगवर जागेइतकीच फाइलींच्या संख्येवरही मर्यादा असते. सीपॅनेलच्या उजव्या पट्टीत 'फाइल युसेज' बघून मगच चढवा. वर्डप्रेस स्वतःच हजारो फाइली खातं. संख्या फार होत असेल तर फोटो आधी ८१९२ ला आणा, दर फोटोचे तुकडे ५१० ऐवजी ३०० होतात. आणि एफटीपीनं एकेक चढवू नका. छोट्या फाइलींना प्रत्यक्ष पाठवण्यापेक्षा सुरू करा-बंद करा यातच वेळ जातो, मध्येच नेट तुटलं की काही तुकडे राहून जातात आणि तेवढाच चौकोन कायम धूसर राहतो. झिप करा, सीपॅनेलच्या फाइल मॅनेजरमधून एक झिप चढवा, तिथेच उलगडा.

वर्धेकाठचा

फोल्डरांची नावं देवनागरीत अजिबात नको. विंडोजवर झिप केलेली 'पुतळाबारव' नावाची फाइल लिनक्स सर्व्हरवर उलगडली की नावाचा चिखल होण्याची दाट शक्यता. रोमन लहान अक्षरं आणि मध्ये आडवी रेघ. कॅमेऱ्याच्या फाइलीचं जेपीजी मोठ्या अक्षरांत असतं. विंडोजवर दोन्ही सारखंच, लिनक्सवर नाही. 'घरी चालत होतं, साइटवर चालत नाही' या तक्रारीमागे निम्म्या वेळा हेच निघतं.

फुकटात वेगळं होस्टिंग हवं असेल तर गिटहब पेजेस पण आहे. साइट १ जीबीच्या आत ठेवायची, महिन्याला १०० जीबीची वाहतूक ही सौम्य मर्यादा. तुमच्या कामाला रगड. स्वतःचं डोमेन जोडता येतं, एचटीटीपीएस मिळतं.

तुरीचं शेत

लोणारच्या फोटोला तुकडे नकोत, एकच फाइल ठेवा. व्ह्यूअरला तीन आकडे द्यायचे: आडवा विस्तार 'एचएओव्ही', उभा 'व्हीएओव्ही', आणि क्षितिज मध्यावर नसेल तर 'व्ही ऑफसेट'. तुमचा फोटो खरंच १८० अंशांचा धरला तर ६००० भागिले १८०, अंशाला ३३.३३ पिक्सेल. उंची १५०० म्हणजे ४५ अंश. विवराचा तळ यावा म्हणून कॅमेरा खाली झुकवला असणार, त्यामुळे क्षितिज वर गेलंय. समजा ते वरून ५०० पिक्सेलवर आहे. चित्राचा मध्य ७५० वर, म्हणजे क्षितिजाच्या २५० पिक्सेल खाली, साडेसात अंश. व्ही ऑफसेट उणे ७.५. हे दिलं नाही तर पलीकडचा काठ कमानीसारखा वाकतो. मग फोटो ४०९६ रुंदीला छोटा करा. आकडे अंशात असल्यामुळे बदलत नाहीत.

हा हिशेब समआयताकार जोडणीचा आहे, म्हणजे ह्यूगिनमध्ये 'इक्विरेक्टँग्युलर' निवडून काढलेल्या फोटोचा. फोनच्या पट्ट्यात उभं माप वेगळं असतं, तिथे क्षितिजापासून दूर थोडा बाक राहतोच. शेवटी 'अव्हॉइड शोइंग बॅकग्राउंड' चालू करा, म्हणजे फोटो संपल्यावरचा काळा भाग दिसत नाही.

कोरडवाहू

तुकडे पाडाच्या आदी फोटो एकदा नीट पाहून घ्या भाऊ. मंग चूक दिसली तर पुना सगळं करा लागते. पहिली गोष्ट, उजेड-रंग ठीक करताना धार वाढवली असन तर फोटोच्या डाव्या आन उजव्या टोकाले फरक पडते आन फिरवताना मागं उभी रेघ दिसते. गिंप या फुकट फोटो एडिटरमंदी 'ऑफसेट' नं चित्र अर्ध सरकवा, रेघ मधात येते, तिथं पुसा. दुसरी, देवळाचे खांब तिरपे असतीन तर ह्यूगिनमंदी खांबाच्या वर एक आन खाली एक बिंदू ठेवून 'उभी रेघ' म्हणून सांगा. तीन-चार खांब घेतले की सारं सरळ. पॅनेलममंदी बी क्षितिज सरळ कराचं सेटिंग आहे, पण ते दुखणं झाकणं झालं.

सभामंडपातला खांब जोडाच्या जागी तुटला असन तर त्याले सॉफ्टवेअर काहीच करत नाई. कॅमेरा खांबाच्या लय जवळ होता. दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात जोड कडेले येते, म्हणून लेन्सची तोंडं खांबाकडं आन जोड मोकळ्या जागेकडं ठेवून पुना काढा. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात ट्रायपॉडले परवानगी लागते, ते आदीच पाहून घ्या.

पैनगंगाकाठ

पाच फोटो चढले, फोनवर लगेच उघडतात, झकास. नवीन तक्रारी: लेख वाचताना बोट फोटोवर आलं की पान पुढे सरकतच नाही, फोटोच फिरतो. आणि माहितीच्या ठिपक्यात मजकूर टाकला तर 'nk' छापाच्या रोमन अक्षरांऐवजी मराठी कसं आणायचं? म्हणजे छापखान्यातून आलेला मजकूर चिकटवला की इंग्रजीत काहीबाही दिसतं.

निंबोळी

छापखान्याचा मजकूर कृतिदेव किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमधला आहे. तो युनिकोडमध्ये बदलून घ्या, रूपांतर करणारी पानं फुकट मिळतात. पण बदलल्यावर वाचून काढा: र्‍हस्व-दीर्घ वेलांट्या, रफार आणि 'ऱ्या' इथे हमखास घोळ होतो. 'बऱ्हाणपूर' सारखे शब्द तर एकदा डोळ्याखालून घालाच. फाइल यूटीएफ-८ म्हणून जतन करा. मजकूर वर्डमधून चिकटवला तर अवतरणचिन्हं वळणदार येतात आणि सगळी टूर बंद पडते. शेवटच्या ठिपक्यानंतर स्वल्पविराम राहिला तर तेच, जेसनला, म्हणजे त्या फाइलीच्या मांडणीला, तो चालत नाही.

'फोटो उघडण्यासाठी टिचकी मारा' अशी बटनं मराठीत करायला पॅनेलममध्ये 'स्ट्रिंग्ज' आहे. ठिपक्याचा मजकूर दोन ओळींपुढे नेऊ नका, फोनवर तो शिल्पच झाकतो. सविस्तर खाली लेखात.

तुरीचं शेत

सरकण्याचं: फोटो आपोआप उघडू देऊ नका, 'ऑटोलोड' बंद. त्याजागी छोटं चित्र आणि वर बटन. डेटाही वाचतो, एका लेखात चार टूर असतील तर चारही एकदम उघडून फोन गरम व्हायचा. शिवाय चौकटीची उंची पडद्याच्या ६० टक्के ठेवा, वर-खाली बोटाला जागा राहते. संगणकावर माउसच्या चाकाचाही हाच त्रास, त्याला 'माउस झूम' फक्त फुलस्क्रीनमध्ये चालेल असं करता येतं. दोन बोटांनी फिरवा आणि एका बोटानं पान सरकवा ही सोय तयार हवी असेल तर ती फोटो स्फिअर व्ह्यूअरमध्ये आहे, हे वर्धेकाठच्या भाऊंच्या पारड्यात टाका.

ठिपक्याची जागा मोजायला 'हॉटस्पॉट डीबग' चालू करा, ब्राउझरचा कन्सोल उघडा आणि शिल्पावर टिचकी मारा. पिच आणि यॉ (आडवा कोन) छापून येतात, ते उचलायचे. काम झाल्यावर बंद करा.

वर्धेकाठचा

एक काळजीचं. शेतातल्या उघड्या देवळात सुट्या मूर्ती असतील तर मूळ फोटो डाउनलोडला ठेवू नका, त्यात जीपीएसचे आकडे असतात. एक्झिफटूलनं जीपीएस काढता येतं. फक्त सगळी माहिती पुसू नका, पॅनोरामाची एक्सएमपी राहू द्या. तुकड्यांमध्ये ही माहिती जात नाही, त्यामुळे टूरला धोका नाही. बारवेवर पाणी भरणाऱ्या बाया फोटोत आल्या असतील तर तुकडे पाडायच्या आधी चेहरे धूसर करा. नंतर करायचं म्हटलं तर एकच चेहरा चार पातळ्यांतल्या तुकड्यांत विखुरलेला असतो.

पैनगंगाकाठ

केलं. शेवटचं एक: पुतळाबारवेत वरून खाली उतरलं की तोंड उलटीकडे होतं, उतरलो त्या पायऱ्याच समोर दिसतात.

तुरीचं शेत

दोन वाटा. प्रत्येक दुव्याला 'टार्गेट यॉ' हातानं द्या, दोन-तीन दुव्यांना पुरतं. जास्त असतील तर प्रत्येक फोटोला 'नॉर्थ ऑफसेट' द्या आणि टार्गेट यॉच्या जागी 'सेम ॲझिमथ' लिहा, मग जिकडे तोंड करून निघाल तिकडेच तोंड राहील.

नॉर्थ ऑफसेट म्हणजे फोटोचा मध्य उत्तरेपासून किती अंश उजवीकडे. उपग्रह नकाशावर त्या जागेच्या सरळ उत्तरेला काय आहे ते बघा, झाड, खांब, कोपरा. ती गोष्ट फोटोत डावीकडून कितव्या पिक्सेलवर आहे ते मोजा. समजा ८९७६ वर. ११९६८ च्या पाऊण हिश्श्यावर, म्हणजे मध्यापासून ९० अंश उजवीकडे उत्तर. तर मध्य पश्चिमेला, नॉर्थ ऑफसेट २७०. बारवेच्या तळातून बाहेरचं काही दिसत नाही, तिथे भिंतींची दिशा वरच्या फोटोवरून घ्या.

पैनगंगाकाठ

बसलं. उतरल्यावर आता पाठ पायऱ्यांकडे राहते. सातगावची उत्तर मोजायची राहिली आहे, तिथल्या नकाशावर झाडांखाली काहीच दिसत नाही.

कोरडवाहू

मंग देवळाचा उंबरठा पाहा. जुनं देऊळ बहुतेक पूर्वेले नाई तर पश्चिमेले तोंड करून रायते. नकाशावर छताचा कोपरा जरी दिसला तरी भिंतीची रेघ भेटते, तिच्यावरून काढा.